जपानी उपाहारगृहात मुस्लिम पाहुण्यांची सोय कशी करावी: नव्याने कामाला लागलेल्यांसाठी

जपानमधल्या हॉटेलांत काम करणारी मराठी मुलेमुली आता ठिकठिकाणी भेटतात. कोणी शिक्षणासाठी येऊन आठवड्याला 28 तासांच्या मर्यादेत अर्धवेळ काम करत असते, तर कोणी 2019 साली सुरू झालेल्या ‘तोकुतेइ गिनो’ म्हणजे विशिष्ट कौशल्याच्या व्हिसावर थेट उपाहारगृहातच नोकरीला आलेले असते. यांतल्या पुष्कळांवर केव्हा ना केव्हा एक प्रसंग येतो: दारात एखादे इंडोनेशियन किंवा बांगलादेशी कुटुंब उभे राहते, जपानी सहकारी भांबावतात आणि ‘तू भारतातला आहेस, तुला कळेल’ असे म्हणून आपल्याला पुढे करतात. आपल्यातल्या अनेकांना ‘हलाल’ या शब्दापलीकडे फारसे ठाऊक नसते, आणि जपानी स्वयंपाकघरात कशात काय पडते हेही पहिल्या काही महिन्यांत नीट उमगलेले नसते. तुम्ही स्वतः मुस्लिम असाल तर पहिल्या गोष्टीची अडचण येणार नाही, दुसरीची मात्र हमखास येईल. हा लेख त्या दोन्हींसाठी आहे.

असे पाहुणे पुढेही येत राहणार आहेत. 2013 साली जपानने मलेशियाच्या पर्यटकांना व्हिसातून सूट दिली, 2014 च्या अखेरीस ई-पासपोर्ट असलेल्या इंडोनेशियन पर्यटकांनाही ती मिळाली, आणि तेव्हापासून तोक्योतले आसाकुसा असो की क्योतो, मुस्लिम कुटुंबे सर्रास दिसू लागली. शिवाय इथेच राहणारे, इथल्या विद्यापीठांत आणि कारखान्यांत असलेले मुस्लिम वेगळेच.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. पदार्थ हलाल आहे की नाही याचा निवाडा करणे हे आपले काम नाही. त्या पदार्थात काय काय पडले आहे ते खरे आणि पूर्ण, पाहुण्याने चॉपस्टिक उचलण्यापूर्वी सांगणे हे आपले काम आहे. एकाच टेबलावरचे दोघे भाऊ त्याच माहितीवरून वेगवेगळा निर्णय घेऊ शकतात, आणि तो त्यांचा हक्क आहे.

पहिली पायरी: काय टाळले जाते ते समजून घेणे

डुकराचे मांस आणि त्यापासून निघालेली प्रत्येक वस्तू, रक्त, मेलेल्या जनावराचे मांस आणि मद्य या गोष्टी वर्ज्य आहेत, यावर सगळ्यांचे एकमत आहे. कोंबडी, गाय, बकरे ही जनावरे चालतात, पण ती अल्लाचे नाव घेऊन, विधीप्रमाणे कापलेली असावी लागतात. जपानमधल्या सर्वसाधारण दुकानातली कोंबडी किंवा गोमांस तसे कापलेले नसते. म्हणून ‘यात डुक्कर नाही, चिकन आहे’ एवढे सांगून आपण मोकळे झालो असे समजू नये. काही पाहुणे डुक्कर आणि दारू नसेल तर साधे चिकन खातात, काही अजिबात खात नाहीत. यांतला कोण अधिक धार्मिक, असा विचारही मनात आणू नये.

मासळीचा प्रश्न वेगळा आहे, आणि कोकणातल्या वाचकांना तो चटकन कळेल. रत्नागिरी-रायगडकडचे कोकणी मुस्लिम शाफई पंथाचे आहेत. त्यांच्या घरी कुर्ल्या, माकुल, तिसऱ्या सगळे शिजते. हनफी पंथाची माणसे, म्हणजे उत्तर भारत, पाकिस्तान, बांगलादेश आणि तुर्कस्तानातले बहुसंख्य मुस्लिम, पाण्यातल्या जीवांपैकी मासाच खावा असे मानतात. त्यामुळे खेकडा, माकुल, ऑक्टोपस त्यांच्यातले बरेच जण टाळतात. कोळंबीबद्दल मात्र त्यांच्यातच दोन मते आहेत. शिया मुस्लिम खवले असलेला मासा आणि कोळंबी खातात. आता सुशीच्या ताटाकडे पाहा: त्यात ‘ताको’ म्हणजे ऑक्टोपस, ‘इका’ म्हणजे माकुल, ‘होताते’ म्हणजे मोठा शिंपला, ‘अनागो’ म्हणजे वाम अशी सगळी मांडणी एकत्र असते. इंडोनेशियन आणि मलेशियन पाहुणे बहुधा शाफई असल्याने त्यांना यातले काही खटकत नाही. लाहोरहून आलेल्या पाहुण्याला कदाचित तीन तुकडे बदलून हवे असतील. तेव्हा मासळी सगळ्यांना चालते असे गृहीत न धरता प्रत्येक तुकड्याचे नाव सांगावे.

दुसरी पायरी: बाटली उलटी करून वाचणे

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यावा, कारण जपानी स्वयंपाकात मांस डोळ्यांना दिसते, मद्य दिसत नाही. ते मसाल्याच्या जागी असते. आपण जसे मीठ-साखर हाताशी ठेवतो तसे इथला स्वयंपाकी साके म्हणजे तांदळाची दारू आणि मिरिन म्हणजे स्वयंपाकाची गोड दारू हाताशी ठेवतो. साके माशाचा उग्र वास मारते, मिरिन गोडी आणि चकाकी आणते. खऱ्या मिरिनमध्ये सुमारे 14 टक्के अल्कोहोल असते. ‘मिरिन-फू चोमिर्यो’ म्हणजे मिरिनसारखी चव देणारे जे स्वस्त द्रव मिळते त्यात ते 1 टक्क्यापेक्षा कमी असते. ‘र्योरिशु’ ही स्वयंपाकाची साके. तिच्यात मीठ मिसळलेले असते, पण ती साकेच.

पहिल्या आठवड्यात दुपारच्या आणि संध्याकाळच्या गर्दीमधल्या मोकळ्या वेळी मुख्य स्वयंपाक्याची परवानगी घ्यावी आणि फळीवरची प्रत्येक बाटली, प्रत्येक पाकीट उलटे करून मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढावा. मी हे केले तेव्हा आमच्या दुकानातल्या फळीवर एकोणीस वस्तू निघाल्या आणि त्यांतल्या अकरांमध्ये कुठल्या ना कुठल्या रूपात मद्य होते. चित्राक्षरे येत नसली तरी सुरुवातीला दोनच ओळखायला शिकावीत. एक ‘साके’चे: डाव्या बाजूला पाण्याचे तीन थेंब आणि उजवीकडे सुरईसारखा आकार. हेच अक्षर ‘र्योरिशु’च्या शेवटी येते, ‘सेइशु’ म्हणजे गाळीव साके, त्याच्या शेवटी येते, आणि ‘शुसेइ’ म्हणजे अल्कोहोल, त्याच्या सुरुवातीला येते. दुसरे ‘बुता’ म्हणजे डुकराचे. ते ‘बुतानिकु’मध्ये, डुकराच्या चरबीच्या नावात आणि ‘तोनकोत्सु’ या हाडांच्या रश्श्याच्या नावात सापडते. मिरिन बहुतेकदा साध्या हिरागाना अक्षरांत लिहिलेले असते.

‘शुसेइ’ हा शब्द विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. सोया सॉस आंबवताना त्यात आपोआप 2 ते 3 टक्के अल्कोहोल तयार होतेच, आणि मुस्लिमांमध्ये त्याबद्दल मते वेगवेगळी आहेत. अनेक जण आंबवण्यात आपसूक आलेला अंश चालवून घेतात. पण बऱ्याच बाटल्यांत टिकाऊपणासाठी वरून अल्कोहोल घातलेले असते आणि घटकांच्या यादीत सोयाबीन, गहू, मीठ यांच्यामागे ‘शुसेइ’ असे छापलेले असते. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा; त्याच्या डब्यांतही पाकीट फुगू नये, आंबणे थांबावे म्हणून ते घालतात. ताज्या रामेन आणि उदोन नूडल्सच्या पाकिटांवर, ट्यूबमधल्या वासाबीवरही ते आढळते. आपसूक आलेले आणि वरून घातलेले हा फरक पाहुण्याला महत्त्वाचा वाटू शकतो, म्हणून तो आपल्याला सांगता आला पाहिजे. ज्यांना कसलाच संशय नको असतो त्यांच्यासाठी हलाल प्रमाणित सोया सॉस आणि मिसो जपानमध्येच बनतात. ओइताचे फुंदोकिन आणि नागानोचे हिकारी मिसो ही ओळखीची नावे आहेत.

चरबी आणि जिलेटिन हे दुसरे लपलेले पदार्थ. करीच्या तयार वड्यांत बहुधा डुकराची किंवा गाईची चरबी असते. ‘पोकु एकिसु’ म्हणजे डुकराचा अर्क सूपच्या पावडरीत आणि सॉसमध्ये येतो. ‘दोबुत्सु युशि’ म्हणजे प्राण्यांची चरबी, पण कुठल्या प्राण्याची ते लिहिलेले नसते. शॉर्टनिंग आणि इमल्सिफायर वनस्पतिजन्य असू शकतात, प्राणिजन्यही असू शकतात. पाकिटावरून कळले नाही तर ‘माहीत नाही’ असेच सांगावे. पुडिंग आणि जेलीतले जिलेटिन इथे बहुधा डुकराचे असते. ‘कानतेन’ मात्र समुद्री शैवालाचे, म्हणजे आपल्याकडे चायना ग्रास म्हणतात त्याच जातीचे असते. त्यामुळे गोडात काही द्यायचे असल्यास ते सोयीचे पडते.

साखळी उपाहारगृहांत ॲलर्जीचा तक्ता मिळतो. तो कामाचा आहे, पण पुरेसा नाही. जपानच्या नियमांत डुकराचे मांस आणि जिलेटिन हे ‘लिहिलेले बरे’ अशा शिफारशीच्या यादीत आहेत, सक्तीच्या यादीत नाहीत. मद्य तर ॲलर्जीच्या यादीतच येत नाही. तक्त्यातल्या डुकराच्या रकान्यात फुली नाही म्हणून पदार्थ निर्धोक, असे समजणे धोक्याचे आहे.

मी स्वतः हा धडा एका कुटुंबाच्या जेवणावर शिकलो, याचे मला आजही वाईट वाटते. आगेदाशी तोफू म्हणजे तळलेले तोफू आणि वर पातळ रस्सा, त्यात मांस कुठून येणार, अशा विचाराने मी ते बेधडक सुचवले. आईने आधी लहान मुलीला भरवले. मी आत आलो तेव्हा स्वयंपाकी त्याच रश्श्याच्या पातेल्यात मिरिनची बाटली उपडी करत होता. मी परत जाऊन सांगितले. त्या बाईंनी मुलीच्या हातातला चमचा अलगद काढून घेतला, माझ्यावर एक शब्दही रागाने बोलल्या नाहीत, पैसे ठेवले आणि सगळे निघून गेले. त्या रात्री मी फळीवरच्या बाटल्यांचे फोटो काढले.

तिसरी पायरी: स्वयंपाक्याशी बोलणे

जपानी स्वयंपाकी हमखास एक उत्तर देतो: ‘उकळले की अल्कोहोल उडून जाते.’ मिरिन आधी उकळून घेण्याची पद्धतही इथे आहे, तिला ‘निकिरी’ म्हणतात. त्याच्याशी रसायनशास्त्रावर वाद घालू नये. उकळल्यावर थोडा अंश उरतोच, पण मुख्य मुद्दा तो नाही; अनेक मुस्लिमांच्या दृष्टीने पदार्थात मद्य ओतले गेले, इथेच प्रश्न संपतो. हे शांतपणे सांगितले की बहुतेक स्वयंपाकी समजून घेतात, कारण पाहुण्याच्या इच्छेला मान देणे हे त्यांच्या संस्कारात मुरलेले असते. विचारताना सरळ वाक्य वापरावे: ‘कोरे नि ओसाके या मिरिन वा हाइत्ते इमासु का?’ म्हणजे ‘यात साके किंवा मिरिन आहे का?’ डुकरासाठी तेच वाक्य ‘बुतानिकु’ घालून.

नुसते ‘हे नको’ म्हणून गेल्यास स्वयंपाकी अडून बसतो, म्हणून पर्याय घेऊन जावे. मिरिनच्या जागी साखर आणि थोडे पाणी चालते. चकाकी हवी असेल तर ‘मिझुआमे’ म्हणजे स्टार्चचा गोड पाक किंवा मध घालता येतो. माशाचा वास घालवायला साकेची गरज नाही: मीठ लावून दहा मिनिटे ठेवावे, सुटलेले पाणी पुसून टाकावे, मग वरून गरम पाणी ओतून लगेच गार पाण्यात घालावे. ‘शिमोफुरी’ नावाची ही कृती त्यांचीच जुनी कृती आहे, आपण फक्त आठवण करून द्यायची. कोंबू शैवाल आणि कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेल्या मासळीचे पापुद्रे, यांचा घरी काढलेला दाशी, म्हणजे पातळ मूळ रस्सा, मुळात निर्दोष असतो. बिघाड होतो तो त्यात मिरिन घालून ‘त्सुयु’ म्हणजे नूडल्सचा रस्सा केल्यावर, म्हणून मिरिन घालण्यापूर्वीचा दाशी एका भांड्यात बाजूला काढून ठेवायला सांगावे. शुसेइ नसलेला सोया सॉस, साखर, आले आणि हा दाशी एवढ्या चार गोष्टींवर तेरियाकी मासा, उदोन आणि तेम्पुराची वाटीतली चटणी या तिन्ही गोष्टी उभ्या राहतात. सुशीच्या भाताचा शिर्का तयार बाटलीतला असेल तर त्यातही मिरिन असू शकतो. साधा तांदळाचा शिर्का, साखर आणि मीठ यांवर भागते.

चौथी पायरी: भांडी, तेल आणि जाळी

घटक बरोबर असूनही पदार्थ तळणीत बिघडतो. ज्या तेलात तोनकात्सु, म्हणजे डुकराचे कटलेट, तळले त्याच तेलात पाहुण्याची कोळंबी तळली तर आधीच्या सगळ्या काळजीवर पाणी पडते. वेगळी तळणी नसेल तर लहान कढईत नवे तेल घ्यावे. कापण्याची फळी, सुरी, चिमटा आणि घासणी वेगळी ठेवून त्यांवर रंगीत पट्टी चिकटवावी. फ्रीजमध्येही हलाल माल वरच्या कप्प्यात ठेवावा, म्हणजे वरून काही ठिबकणार नाही. याकितोरी म्हणजे काडीला लावून भाजलेली कोंबडी; तिच्या दुकानात ‘तारे’ म्हणजे वरून लावायच्या गोड-खारट सॉसच्या मडक्यात वर्षानुवर्षे भर घालत राहतात. त्यात मिरिन तर असतेच, शिवाय बुडवलेल्या प्रत्येक काडीचा अंशही असतो. तिथे फक्त मिठाची याकितोरी, तीही हलाल कोंबडीची आणि वेगळ्या जाळीवर, एवढाच मार्ग उरतो. रामेनच्या दुकानात एकाच पाण्यात सगळ्यांच्या नूडल्स उकळतात, हेही सांगायचे राहून जाते.

शाफई पाहुण्यांच्या दृष्टीने डुकराचा स्पर्श झालेले भांडे सात वेळा, त्यांतल्या एकदा मातीच्या पाण्याने धुतल्याशिवाय शुद्ध होत नाही. भर गर्दीत हे जमणारे नाही, म्हणून धुण्यापेक्षा वेगळे भांडेच ठेवलेले बरे. कागदी डिश आणि नव्या लाकडी चॉपस्टिक दिल्या तरी पुष्कळ पाहुणे समाधानी होतात.

पाचवी पायरी: टेबलावर

कोणाच्या डोक्यावरचा रुमाल पाहून ‘तुम्ही मुस्लिम आहात का’ असे विचारू नये. प्रत्येकच परदेशी पाहुण्याला ‘आपण काही पदार्थ टाळता का?’ असे विचारावे. त्यातून ॲलर्जीवाले, शाकाहारी आणि मुस्लिम सगळे आपापले सांगतात. मग तीन गोष्टी क्रमाने विचाराव्यात: डुकराशिवाय बाकीचे मांस चालेल का, स्वयंपाकात वापरलेली साके चालेल का, आणि भांडी सामाईक असली तर चालेल का. उत्तरे लिहून घ्यावीत आणि चिठ्ठी आत द्यावी. तोंडी निरोप तीन माणसांतून जाईपर्यंत बदलतो.

इझाकायामध्ये, म्हणजे दारूसोबत खाणे देणाऱ्या जपानी दुकानात, आणखी एक खाचखळगा आहे. बसल्याबसल्या न मागवता एक लहान वाटी येते, तिला ‘ओतोशी’ म्हणतात. ती सवयीने ठेवली जाते आणि तिच्यात बहुधा मिरिनमध्ये शिजवलेले काहीतरी असते. ती थांबवून तिच्याऐवजी एदामामे म्हणजे मीठ घातलेल्या उकडलेल्या शेंगा द्याव्यात. ज्या टेबलावर दारू प्यायली जाते त्याच्याशी बसणे अनेक मुस्लिम टाळतात, म्हणून कोपऱ्यातली किंवा बंद खोलीतली जागा द्यावी आणि साकेची यादी टेबलावरून उचलावी.

रमजानमध्ये पाहुण्यांना सूर्यास्ताच्या क्षणी काहीतरी तोंडात टाकायचे असते. सध्या रमजान हिवाळ्याच्या शेवटी येतो, आणि त्या दिवसांत तोक्योमध्ये साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. संध्याकाळचे दार उघडून तेव्हा जेमतेम अर्धा तास झालेला असतो आणि अर्धी तयारी बाकी असते. आगाऊ जागा राखलेल्या कुटुंबासाठी पाणी आणि खजूर पाच वाजताच टेबलावर ठेवावेत.

सहावी पायरी: पाटीवर काय लिहावे

जपानमध्ये सरकारचे असे एकच हलाल प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या वेगवेगळ्या संस्था आहेत आणि त्यांचे नियमही सारखे नाहीत. दारू विकणाऱ्या दुकानाला कडक नियमांत प्रमाणपत्र मिळत नाही. प्रमाणपत्र नसताना मालकाने उत्साहाने दारावर ‘हलाल’ अशी पाटी लावायची म्हटली तर आपण नम्रपणे अडवावे. ‘मुस्लिम फ्रेंडली’ हा शब्दही मला पुरेसा वाटत नाही, कारण प्रत्येक दुकान त्याचा वेगळा अर्थ लावते. ‘या पदार्थात डुकराचे काही नाही, साके-मिरिन नाही, कोंबडी हलाल आहे, तळणी सामाईक आहे’ असे चार ओळींचे खरे वाक्य इंग्रजीत लिहून यादीत चिकटवावे. ते वाचून पाहुणा दोन मिनिटांत ठरवतो.

हलाल मांस मिळवणे कठीण नाही. तोक्योत शिन-ओकुबोच्या गल्लीत हलाल किराण्याची दुकाने रांगेने आहेत, आणि योयोगी-उएहाराच्या तोक्यो जामी मशिदीतही हलाल मालाचे दुकान आहे. मालकाने थोडी कोंबडी गोठवून ठेवायची तयारी दाखवली तर सुरुवात तेवढ्यावरही होते.

शेवटची पायरी: नकार

काही दुकानांत काहीच जमत नाही. तोनकोत्सु रामेनच्या दुकानात रस्सा डुकराच्या हाडांचा, तेल चरबीचे, वरचा काप डुकराचा आणि पाणी एकच. तिथे ‘वरचा काप काढून देतो’ असे सांगणे म्हणजे फसवणूक आहे. दारातच, ते बसण्याआधी, स्पष्ट सांगावे आणि जवळची जागा दाखवावी. आसाकुसात हलाल रामेन मिळते, आकिहाबाराला कोको इचिबान्या या करीच्या साखळीची हलाल शाखा 2017 पासून आहे, आणि बहुतेक मोठ्या शहरांत मशिदीच्या आसपास एखादे तरी भोजनालय सापडते. आपल्या स्टेशनपासून चालत जाता येतील अशा दोन-तीन ठिकाणांचा नकाशा छापून गल्ल्याच्या खणात ठेवावा, आणि ती ठिकाणे अजून चालू आहेत का हे महिन्यातून एकदा फोन करून पाहावे.